१३, ११, १०, ८, ७, ५ : या दानात कोणतं पात्र बसवू?

वीसतोंडी
नमस्कार मंडळी. इथे डंजन्स अँड ड्रॅगन्स (फासे टाकून, पात्र होऊन खेळायचा साहसांचा खेळ) खेळणारे बरेच जण आहेत, म्हणून थेट मुद्द्यावर येतो.

आमचा सहा जणांचा गट आहे, पाच खेळाडू आणि एक डीएम, म्हणजे गोष्ट आणि नियम चालवणारा. दोघं पुण्यात, दोघं नाशकात, एक बंगळुरूला, एक न्यू जर्सीत. शनिवारी रात्री साडेआठला ऑनलाइन बसतो, न्यू जर्सीवाल्याचा तेव्हा सकाळचा चहा चालू असतो. आता नवी मोहीम सुरू होतेय, २०१४ च्या पाचव्या आवृत्तीच्या नियमांनी. आकडे काढायची पद्धत नेहमीची: चार सहातोंडी फासे टाकायचे, सगळ्यात लहान सोडायचा, उरलेल्या तिघांची बेरीज. असं सहा वेळा. आलेले आकडे पात्राच्या सहा गुणांपैकी (ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण, छाप) हव्या त्या गुणाला लावायचे. सगळ्यांनी कॅमेऱ्यासमोर खरे फासे टाकायचे आणि पडलं ते पडलं, असं ठरलं होतं. मीही मान डोलावली होती.

माझं दान: १३, ११, १०, ८, ७, ५. मॉडिफायरची (गुणाच्या आकड्यावरून फाशात मिळवायचा किंवा वजा करायचा अंक) बेरीज उणे पाच. बंगळुरूच्या मित्राला पडलं १८, १६, १५, १४, १२, ११.

तो फायटर (लढवय्या) करतोय. बाकी रोग (चोरटा), विझर्ड आणि वॉरलॉक (दोघे मंत्रवाले) ठरलेत. डीएमने रात्री वेगळा मेसेज करून विचारलं, "परत टाकतोस का?" मी अजून उत्तर दिलेलं नाही. परत टाकावं असं वाटतं, आणि टाकू नये असंही वाटतं. या सहा आकड्यांत असं एखादं पात्र बसतं का, जे बाकीच्या चौघांना ओझं होणार नाही? शनिवारच्या आत ठरवायचंय.

गवती_चहा
परत टाक. डीएम स्वतःहून विचारतोय, यात मागेपुढे कसलं बघायचं?

मुंगूस
आधी दान किती वाईट आहे ते बघू. या पद्धतीने एका आकड्याची सरासरी साधारण १२.२४ येते, म्हणजे सहांची बेरीज ७३ च्या आसपास. पुस्तकात जो तयार संच आहे, १५, १४, १३, १२, १०, ८, त्याची बेरीज ७२. तुमची ५४. मित्राची ८६. फाशांऐवजी आकडे विकत घ्यायच्या पद्धतीत प्रत्येकाला खर्चायला २७ गुण मिळतात. तुमचे १३, ११ आणि १० घ्यायला १० गुण लागतात, ८ फुकट असतो, आणि ७ नि ५ तर दुकानात ठेवलेलेच नाहीत, कारण तिथे ८ च्या खाली कुणी जाऊच शकत नाही. म्हणजे मित्रमंडळी २७ रुपये घेऊन बाजारात गेली आणि तुम्ही १० रुपये घेऊन.

पण पाचव्या आवृत्तीत मॉडिफायरच्या एका अंकाची किंमत डी२० वर (वीसतोंडी फाशावर) पाच टक्के असते. पहिल्या पातळीला मित्राच्या फायटरला मारताना साधारण +६ मिळतील, तुम्हाला मुख्य गुणावर +३ किंवा +४. समोरच्याचं चिलखत १३ असेल, म्हणजे वार लागायला बेरीज १३ यावी लागत असेल, तर तो दर वीस वारांत चौदा वेळा लागेल, तुम्ही अकरा-बारा वेळा. फरक आहे, पण खेळातून उठवणारा नाही. खरी अडचण आहे ती ५ आणि ७ कुठे लपवायचे ही.

सोंगटी
१९७४ चा मूळ खेळ आठवा. तीन फासे, त्याच क्रमाने, निवड नाही. तीन फाशांवर १८ पडायची शक्यता २१६ त एक. मग लोक खेळायचे कसे? तेव्हा आकड्यांना आजचं वजनच नव्हतं. गायगॅक्स आणि आर्नेसन या खेळाच्या जनकांच्या त्या पहिल्या पुस्तिकांत ताकद जास्त असली तर फायटरला अनुभवाचे गुण थोडे जादा मिळायचे, वार जोरात बसायचा नाही. ताकदीने वाराला बळ मिळायला लागलं ते १९७५ च्या ग्रेहॉक पुरवणीपासून. १९८१ च्या बेसिकमध्येसुद्धा ९ पासून १२ पर्यंत काहीच फरक पडत नव्हता आणि १३ ला +१ मिळायचा. त्या टेबलावर तुमच्या १३, ११, १० कडे कमी म्हणून कुणी वळूनही पाहिलं नसतं.

पुढे आवृत्त्यांनी आकड्यांवर जास्त भार टाकला आणि मग वाईट दान पडलेल्यासाठी खिडकीही ठेवली. २००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत नियम होता: मॉडिफायरची बेरीज शून्य किंवा कमी असेल, किंवा सगळ्यात मोठा आकडा १३ किंवा त्याहून लहान असेल, तर सगळं परत टाका. तुम्ही दोन्ही अटींत बसता. म्हणजे परत टाकण्यात लबाडी आहे असं मनात आणू नका. पण टाकलंच पाहिजे असंही नाही.

बटाटेभजी
फासे खारट पाण्यात तरंगवून बघ. एकच बाजू सारखी वर येत असेल तर तो फासा कलंडलेला आहे.

वीसतोंडी
@बटाटेभजी, बघितले. व्यवस्थित आहेत. दान खरंखुरं पडलंय.

रातकिडा
परत टाकू नका, क्लेरिक (देवाच्या बळावर मंत्र म्हणणारा) करा. तुमच्या पार्टीत जखमा भरणारं कुणी दिसत नाही.

लाइफ डोमेन या शाखेचा क्लेरिक, जात हिल ड्वार्फ (डोंगरी बुटका). २०१४ च्या नियमात हिल ड्वार्फला काटकपणात +२ आणि शहाणपणात +१ मिळतात. १३ शहाणपणाला लावा, झाले १४. ११ काटकपणाला, झाले १३. लाइफ डोमेनला जड चिलखत चालतं. चेन मेल (कड्यांचं चिलखत) म्हणजे १६, त्यात चपळाई मोजलीच जात नाही, वर ढालीचे २. एकूण १८. पहिल्या पातळीला फायटरच्या बरोबरीनं उभे राहाल. चेन मेलला एरवी ताकद १३ लागते, नाहीतर चाल दहा फुटांनी घटते, पण ड्वार्फची चाल जड चिलखताने घटत नाही. ही सवलत तुमच्यासारख्यांसाठी सोन्याची आहे.

आणि मंत्र कोणता? ब्लेस. तीन जणांना प्रत्येक वारावर आणि बचावावर एक चौतोंडी फासा जादा, सरासरी अडीच. म्हणजे तिघांचे नेम साडेबारा टक्क्यांनी सुधारले. यात तुमच्या शहाणपणाचा आकडा कुठेच येत नाही. २० शहाणपणाचा क्लेरिक ब्लेस करतो तेवढंच तुमचं ब्लेस. दान वाईट पडलं की असेच मंत्र शोधायचे, ज्यांत आपला आकडा विचारतच नाहीत.

काजूबोंड
रातकिडा, पाच कुठे लावला ते सांगा की. ताकदीला लावलात तर उचलायची क्षमता पाच गुणिले पंधरा, ७५ पौंड. चेन मेल ५५ पौंडांची, ढाल ६. उरले चौदा. दोर घ्यायचा की मशाल की जेवण? गदाच चार पौंडांची. आणि डीएम जर वजनाचा पर्यायी नियम वापरत असेल तर ६१ पौंडांवर हा माणूस चालताना वाकलेला असेल.

चपळाईला लावलात तर उणे तीन. चौथ्या-पाचव्या पातळीला कुणी फायरबॉल टाकला की रातकिड्याचा क्लेरिक शेकोटीत.

रातकिडा
चपळाईला ७, ताकदीला ५. गाढव विकत घ्यायचं. आठ सोन्याच्या मोहरांत गाढव मिळतं.

काजूबोंड
गाढवाचा मुद्दा मान्य. गुहेत शिडीवरून कसं उतरवणार ते डीएम विचारेल.

ढगफुटी
मी ड्रुइड (निसर्गाचे मंत्र म्हणणारा) सुचवते, त्यातली सर्कल ऑफ द मून ही शाखा. हे पात्र मी सव्वा वर्ष खेळले आहे, माझं दान तुमच्याइतकं वाईट नव्हतं पण ताकद ६ होती.

दुसऱ्या पातळीला हा ड्रुइड जनावराचं रूप घेतो, आणि २०१४ च्या नियमांत ताकद, चपळाई, काटकपणा तिन्ही त्या जनावराचे होतात. तपकिरी अस्वल: ताकद १९, प्राण (किती इजा सोसता येते तो आकडा) ३४. ते ३४ संपले की तुम्ही आपल्या मूळ रूपात, जेवढे होतात तेवढ्यावर परत. छोट्या विश्रांतीमागे हे दोनदा जमतं. मग तुमचा पाच माणसाच्या रूपात झोपलेला असतो आणि लढाईत त्याला कुणी उठवत नाही. बुद्धी, शहाणपण आणि छाप मात्र तुमचेच राहतात.

पहिली पातळी काढायची कशी? शिलेली नावाचा छोटा मंत्र घ्या. हातातली काठी शहाणपणाच्या जोरावर चालते, ताकद लागत नाही. गुडबेरी घ्या: दहा फळं, प्रत्येक फळ एक प्राण देतं आणि दिवसभराचं पोट भरतं. त्यातही तुमचा आकडा नाही. ज्यात समोरच्याने बचावाचा फासा टाकायचा असतो ते मंत्र टाळा. शहाणपण १४ असताना समोरच्याने गाठायचा आकडा १२ येतो, आणि १२ ला गोब्लिनसुद्धा बऱ्याचदा निसटतात.

गवती_चहा
तुम्ही सगळे त्याला झाडावर चढवताय. मी काय झालं ते सांगतो.

पाच वर्षांपूर्वी आमच्या एका गटात मला असंच दान पडलं. सगळे म्हणाले, खेळ, मजा येईल, कमजोर माणसाची गोष्ट चांगली होते. मी चौदा महिने खेळलो. पहिले दोन महिने खरंच मजा आली. मग सहाव्या पातळीनंतर असं व्हायला लागलं की दार फोडायचंय, तो फोडणार. बोलणी करायचीत, ती करणार. कुलूप, तो. मी काय करू विचारलं की डीएम म्हणायचा, "तू लक्ष ठेव." चौदा महिने मी लक्ष ठेवलं. शेवटी एका लढाईत पात्र मेलं तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं, आणि आपल्या पात्राच्या मरणाने सुटल्यासारखं वाटावं याचंच मला जास्त वाईट वाटलं.

चार तास आपला शनिवार देतो माणूस. बाकीच्यांइतकंच त्यालाही टेबलावर काही करायला मिळालं पाहिजे. म्हणून म्हणतो, परत टाक.

मुंगूस
गवती_चहा, हे लिहिलंत ते बरं केलंत. माझ्या आकडेमोडीत हे कुठेच येत नव्हतं.

तिसरी_घंटा
मी दहा-बारा वर्षं डीएम आहे, त्या बाजूने बोलते.

गवती_चहांच्या बाबतीत जे झालं त्यात दोष पात्राच्या आकड्यांचा कमी आणि टेबल चालवणाऱ्याचा जास्त होता असं मला वाटतं. "तू लक्ष ठेव" हे उत्तर डीएमने द्यायचंच नसतं. माझ्या टेबलावर एक फायटर होता, बुद्धी ६. मी दर सत्रात एक तरी जागा अशी ठेवायचे की जिथे फासा टाकावा लागत नाही, फक्त त्या पात्राला माहीत असलेलं काहीतरी लागतं. तो दगडफोड्याचा मुलगा होता, म्हणून भिंत नवी की जुनी हे त्याला नुसतं बघून कळायचं. फासा नाही, अडथळा नाही. पुस्तकातच म्हटलंय की सोप्या कामाला १०, मध्यमला १५, अवघडला २०. पण प्रत्येक कामाला फासा टाकायला लावलाच पाहिजे असं पुस्तक कुठे म्हणत नाही. डीएम जितके जास्त फासे टाकायला लावतो, तितकं कमी आकड्यांचं पात्र जास्त उघडं पडतं.

तेव्हा वीसतोंडी, डीएमला "परत टाकू का" हे विचारायच्या आधी हे विचारा: माझं पात्र काय जाणतं, आणि त्याचा उपयोग तू मोहिमेत करशील का? त्याने हो म्हटलं तर खेळा. तो अडखळला तर परत टाका.

खडीसाखर
अवांतर. तुम्ही सगळे शहाणपण, काटकपणा, छाप म्हणताय ते आवडलं. आमच्या गटात सगळे विस्डम, कॉन, कॅरिस्माच म्हणतात. पण बुद्धी आणि शहाणपण यांत फरक काय हे नवीन खेळाडूला मराठीत एका क्षणात कळतं. प्रत्येक घरात एक खूप शिकलेला आणि एक शहाणा असतो, आणि ते क्वचितच एकच माणूस असतात.

सोंगटी
खडीसाखर, अगदी. फक्त या खेळात नजर आणि कानोसाही शहाणपणात धरतात, म्हणून मी त्याला "जाण" म्हणतो. रानात वाढलेल्या माणसाला जाण असते.

पायवाट
छापेबद्दल एक विनंती करते. ७ आकडा छापेला लावून लोक पात्राला तोतरं बोलायला लावतात आणि टेबल हसतं. मी स्वतः अडखळत बोलते, लहानपणापासून. मी वॉरलॉक खेळते, छाप १८, आणि माझं पात्र माझ्यासारखंच अडखळत बोलतं, तरी राजा ऐकून घेतो. छाप कमी म्हणजे माणूस आपल्याकडे बघत नाही, आपण खोलीत आलो हे लक्षात येत नाही, आपलं म्हणणं दुसऱ्याने परत सांगितलं की मग पटतं. त्याचा बोलण्याच्या अडचणीशी संबंध नाही. वीसतोंडी, तुम्ही कुठेही ७ लावा, पण हे मनात ठेवा.

वीसतोंडी
पायवाट, ठेवतो. मनापासून आभार. "आपण खोलीत आलो हे लक्षात येत नाही" हे वाक्य मी पात्राच्या कागदावर लिहून ठेवलंय.

कोकणी_कासव
आम्ही डंजन क्रॉल क्लासिक्स हा याच जातीचा दुसरा खेळ खेळतो. तिथे वाईट दान हीच सुरुवात असते. तीन फासे, क्रमाने, आणि प्रत्येक खेळाडूला शून्य पातळीचे तीन-चार गावकरी. कुणी न्हावी, कुणी शेतकरी, हातात तलवारीऐवजी कोयता नाहीतर काटा. सगळ्यांना एका गुहेत ढकलतात आणि जे जिवंत बाहेर येतात त्यांतून आपलं पात्र निवडायचं. माझे चार आत गेले. त्यातला ताकद १६ वाला पहिल्याच दाराला गेला. बाहेर आला तो चपळाई ४ वाला, कारण तो सगळ्यात मागे राहायचा आणि पुढच्यांचं काय झालं ते बघायचा. आज तो चौथ्या पातळीचा आहे आणि मला माझ्या कुठल्याही १८ वाल्या पात्रापेक्षा तो प्रिय आहे. त्या खेळात नशीब हाही एक गुण आहे आणि तो खर्च करता येतो. त्याचं नशीब मी आतापर्यंत ११ वरून ७ वर आणलंय.

बटाटेभजी
१९७७ च्या ट्रॅव्हलर या खेळात तर पात्र तयार होता होताच मरू शकायचं. नोकरीतली वर्षं काढताना जगण्याचा फासा चुकला की कागद फाडून नवा घ्यायचा. त्या मानाने ५ म्हणजे चैन आहे.

काजूबोंड
फाशांवरून चाललंच आहे म्हणून. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात ३४ वं सूक्त जुगाऱ्याचं आहे. तिथले फासे म्हणजे बेहड्याची फळं. आमच्या मागच्या परसात बेहड्याचं झाड आहे, लहानपणी आम्ही त्याच्या बिया गोळा करायचो, हे सूक्त तेव्हा माहीत नव्हतं.

सोंगटी
आणि जेजुरीची गोष्ट विसरलात? खंडोबा म्हाळसेबरोबर सारीपाट खेळतो आणि हरतो. हरल्यावर बारा वर्षं घर सोडून, वेष पालटून, बाणाईच्या वाड्यावर मेंढरं राखायला राहतो. देवाचंही दान उलटं पडतं आणि त्यातून जी गोष्ट निघते ती लोक आजही जागरणात रात्रभर ऐकतात. खंडोबा म्हाळसेला "परत टाकू दे" म्हणाला असता तर बाणाई भेटलीच नसती.

वीसतोंडी
सोंगटी, तुमचा हा प्रतिसाद वाचून मी दहा मिनिटं नुसता बसून होतो. आमचं मूळ गाव माण तालुक्यात. दिवाळी झाली की मेंढरं खाली उतरताना मी लहानपणी बघितली आहेत. पात्र सापडलं.

ढगफुटी
ड्रुइड ना? ड्रुइड सांगा.

वीसतोंडी
ड्रुइड. सविस्तर शनिवारनंतर लिहितो.

धुकं_धुकं
उशिरा येतेय, पण गवती_चहांचा मुद्दा हवेत राहू नये म्हणून. आमच्या गटात हा तिढा आम्ही असा सोडवला: सहा आकडे, सहा जण, प्रत्येकाने एकेक टाकायचा, डीएमनेही. आलेले सहा आकडे सगळ्यांनी वापरायचे. मग दान बरं पडलं तर सगळ्यांचं, वाईट पडलं तर सगळ्यांचं. फाशाची गंमत राहते आणि कुणाच्या ताटात जास्त, कुणाच्या ताटात कमी असं होत नाही. एकदा आमच्या सगळ्यांच्या नशिबी एक ६ आला. पाच जणांनी तो पाच वेगवेगळ्या गुणांना लावला, त्यातून एकमेकांना धरून चालणारी पार्टी झाली.

गवती_चहा
हे मला त्या चौदा महिन्यांच्या आधी कुणी सांगायला हवं होतं. म्हणजे पाच वर्षांपूर्वी. पुढच्या मोहिमेला हेच.

वीसतोंडी
तीन शनिवार झाले. सांगायला आलोय.

मी तिसरी_घंटांचा प्रश्न डीएमला विचारला. तो अडखळला नाही. उलट म्हणाला, "तू मेंढपाळ असशील तर मला डोंगराची वाट दाखवणारं कुणीतरी मिळालं." मग परत टाकलं नाही.

पात्र: बिरू, हिल ड्वार्फ, वय दोनशेच्या वर. ताकद ५, चपळाई १०, काटकपणा १३, बुद्धी ८, शहाणपण १४, छाप ७. ताकद पाच का? तरुणपणी मोठा आजार झाला, महिनोन्महिने अंथरुणात, उठला तो असाच उठला. कळप मोठ्या भावाकडे गेला आणि हा काठी घेऊन मागे चालायला लागला. मागे चालता चालता त्याला रान कळलं. अंगावर घोंगडी, हातात काठी, तीच शिलेलीची. गुडबेरीला मी करवंदं म्हणतो आणि आता सगळेच म्हणतात.

पहिल्या शनिवारी माझे सगळे वार चुकले, सहाच्या सहा. पण डीएमने ठरल्याप्रमाणे फासा न टाकता मला सांगितलं की पायवाटेवरच्या लेंड्या कालच्या आहेत आणि कळपाबरोबर माणूस नव्हता. त्यावरून आम्ही गोब्लिनांच्या तळाच्या मागच्या बाजूने शिरलो.

दुसऱ्या शनिवारी फायटर, १८ ताकदीचा, बेशुद्ध पडला. बिरूने जाऊन त्याच्या तोंडात करवंद घातलं. तो उठला. माझा मित्र कॅमेऱ्यासमोर काही बोलला नाही, नुसते हात जोडले. नंतर एका खड्ड्यात मी पडलो आणि वर चढता येईना, चार वेळा फासा टाकला. शेवटी त्याच फायटरने मला पाठीवर घेतलं. आता तसंच चालतं. माझी पिशवी रोगकडे असते, कारण ७५ पौंडांत काही बसत नाही. काजूबोंड, तुमचं बरोबर होतं.

तिसऱ्या शनिवारी दुसरी पातळी. पुलावर अडवले गेलो होतो, विझर्डचे प्राण तीन उरलेले. बिरूने घोंगडी खाली ठेवली आणि अस्वल झाला. चौतीस प्राण संपेपर्यंत पूल सोडला नाही. नाशिकवाली मैत्रीण रडली. मीही.

मुंगूस
एक शंका. गुडबेरीत लिहिलंय की खाणाऱ्याने आपली कृती वापरून फळ खायचं. बेशुद्ध माणूस कृती कशी वापरणार?

वीसतोंडी
आमच्याकडेही याच प्रश्नावर पाच मिनिटं वाद झाला. डीएमने ठरवलं, भरवणाऱ्याची कृती जाईल आणि चालेल. तुमच्या डीएमला विचारून घ्या.

तिसरी_घंटा
मी परवानगी देते. पण आधीच सांगून ठेवते, लढाईच्या मध्ये नाही.

गवती_चहा
वाचलं. दोनदा वाचलं. तुझा डीएम चांगला आहे रे. त्याला माझा नमस्कार सांग.

रातकिडा
क्लेरिक ऐकला नाहीत याचं दुःख करवंदांनी भरून निघालं. चौथ्या पातळीला काय घेणार? शहाणपणात +२ केलंत तर १६ होईल.

ढगफुटी
नाही नाही. चौथ्या पातळीला रेझिलियंट नावाचं जादा कौशल्य घ्या, काटकपणाचं. १३ चे १४ होतील, आणि काटकपणाच्या बचावात प्रावीण्य मिळेल. अस्वलाच्या रूपात मंत्र म्हणता येत नाहीत, पण आधी म्हटलेल्या मंत्रावरचं लक्ष टिकवता येतं. दर फटक्याला १० किंवा अर्धी इजा, जे जास्त असेल तेवढा फासा काढावा लागतो. अस्वलाला फटके भरपूर बसतात.

रातकिडा
हे पटलं.

वीसतोंडी
हे लिहून घेतलं. पण त्याआधी एक अडचण. जे जनावर पात्राने पाहिलंय त्याचंच रूप घेता येतं. अस्वल बिरूने तरुणपणी पाहिलेलं, ते डीएमने मान्य केलं. पुढच्या शनिवारी जुन्या विहिरीत उतरायचंय, तीस हात खोल, आणि मला तर खड्ड्यातूनही वर येता येत नाही.

कोकणी_कासव
महाकाय कोळी. भिंतीवरून चढतो आणि तुमच्या पातळीला चालतो. उडणारं जनावर आठव्या पातळीपर्यंत नाही, पोहणारं चौथीपर्यंत नाही, पण चढण्याला बंदी नाही. बिरूने पाहिलाय का कोळी?

वीसतोंडी
नाही. विहिरीत असेल तर बघेल. डीएमला आत्ताच मेसेज केलाय.